नर सापडला, मादी कोणती? व्होलवरच्या एका नव्या माइटचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगून टाकते, या लेखात त्या माइटचं (माइट म्हणजे कोळ्यांच्या नात्यातला अगदी बारीक जीव) नाव येणार नाही. नाव ठरलं आहे, पण निबंध अजून परीक्षकांकडे आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे रीतसर वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला काही अस्तित्व नसतं. तरीही असं पोरकं नाव याद्यांमधून फिरत राहतं आणि पुढे कुणाला तरी ते निस्तरत बसावं लागतं. म्हणून इथे त्याला 'आपला माइट' म्हणते. ठिकाण आणि यजमान व्होलची नेमकी जात याच कारणाने गाळली आहे. 'जात' हा शब्द स्पीशीजसाठी आणि 'वंश' हा जीनससाठी वापरते आहे.

व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, बोथट तोंडाचा, गवतात वाटा आणि बिळं करून राहणारा उंदरासारखा प्राणी. लेमिंग त्याचा जवळचा भाऊबंद. दोघेही उत्तर गोलार्धातले. व्होलची लव दाट असते, आणि त्या लवेत अर्धा मिलिमीटरच्या आतबाहेरचे माइट आयुष्यभर मुक्काम ठोकून असतात. अंडी केसाला चिकटवलेली, पिल्लं केसावर, प्रौढ केसावर. जमिनीवर उतरण्याचं त्यांना कारणच पडत नाही.

आमच्याकडे आली ती एक कुपी. लहान सस्तन प्राण्यांची पाहणी करणारा एक सहकारी आपल्या कामापुरता ऊतींचा तुकडा आणि कवटी ठेवतो, आणि प्राणी ज्या अल्कोहोलमध्ये ठेवले होते ते मला देतो. कुपीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'व्होल ३, गवताळ उतार'. तीन व्होल, एकच पिशवी. पुढच्या सव्वा वर्षाच्या डोकेदुखीचं मूळ या चिठ्ठीत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. दोष त्याला देत नाही. त्याला कवट्या हव्या होत्या, माइट नव्हे.

बशीतली गर्दी

गाळ बशीत ओतून तीसपट भिंगाखाली पाहिला. व्होलच्या केसांत एकाच वेळी निदान तीन घराण्यांचे माइट असू शकतात, आणि केस धरण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते. मायोबिइडी कुलातला रॅडफोर्डिया पायांच्या पहिल्या जोडीने केस पकडतो. ते पाय इतके आखडून चिमट्यासारखे झालेले असतात की चालायला ते निरुपयोगीच. मायोकॉप्टिडी कुलातले मायोकॉप्टिस मागच्या पायांवर भिस्त ठेवतात. मादीचे तिसरे आणि चौथे पाय दुमडून केसाला विळखा घालतात. नराचा फक्त तिसरा पाय या कामी येतो, चौथा भलताच जाड असतो. लिस्ट्रोफोरिडी कुलात हे काम पायांकडे नाहीच. तिथे छातीपाशी आडव्या रेघांच्या पातळ पडद्यांची जोडी असते आणि ती केसाला दोन्ही बाजूंनी मिठी मारते. माइट केसावर असा बसतो की जणू केस त्याच्या छातीतूनच निघाला आहे.

आपला माइट या तिसऱ्या घराण्यातला, लिस्ट्रोफोरस वंशातला. हा वंश प्रामुख्याने व्होल आणि त्यांच्या भाऊबंदांवरचा आहे. पागेनश्टेखर यांनी तो १८६१ साली उभा केला तो लिस्ट्रोफोरस लॉयकार्टी या जातीवरून. लॉयकार्ट हे त्यांच्या काळचे मोठे परजीवीशास्त्रज्ञ, त्यांच्या सन्मानार्थ हे नाव.

बशीतले बहुतेक लिस्ट्रोफोरस ओळखीचे होते. दोन नर मात्र खटकले. शरीराच्या मागच्या टोकाला नराला दोन पाळ्या असतात. या दोघांच्या पाळ्या लांबट, निमुळत्या, आणि मधली खाच खोल. मी ते बाजूला काढले आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवले. त्यांनी डोळा भिंगाला लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग विचारलं, "काच किती दाबली होतीस?"

आधी आपलीच चूक शोधायची

प्रश्न वर्मी लागणारा होता. लिस्ट्रोफोरसचं शरीर चपटं नसतं, दंडगोलासारखं असतं. कव्हरस्लिप वरून बसली की ते कुशीवर लोळतं किंवा फुगतं. पाळ्या फाकतात, खाच रुंदावते. अशा दाबलेल्या नमुन्यांवरून जाती 'सापडल्याची' उदाहरणं माइटशास्त्रात पुरेशी आहेत.

मग उरलेल्या गाळातून आणखी नर शोधले. पाच मिळाले. ते स्लाइडवर चढवलेच नाहीत. मध्ये खळगा असलेल्या काचेवर लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवले, आणि सुईने ढकलत, कुशीवर, पाठीवर, पोटावर फिरवून पाहिले. आम्लाने आतलं मांस विरघळतं, कवच पारदर्शक होतं, आणि वर काच नसल्याने आकार आहे तसा राहतो. पाळ्या लांबच होत्या.

दुसरी शंका जास्त चिवट. अ‍ॅस्टिग्माटा या गटात, ज्यात लिस्ट्रोफोरिडी मोडतात, एकाच जातीत दोन प्रकारचे नर असणं नवं नाही. कांद्यांवर वाढणाऱ्या ऱ्हायझोग्लिफसचे काही नर तिसरा पाय जाडजूड करून 'लढवय्ये' होतात, काही मादीसारख्या सडपातळ पायांचेच राहतात. दोघे सख्खे भाऊही असू शकतात. मग आपले लांब पाळ्यांचे नर हे त्याच ओळखीच्या जातीचे दुसऱ्या घडणीचे नर नसतील कशावरून?

इथे दोन गोष्टी पाहिल्या. मधल्या मापाचे नर आहेत का? नव्हते. आणि फरक पाळ्यांपुरताच आहे का? तोही नव्हता. शिश्न दीडपटीने लांब होतं. पाठीवरच्या मागच्या ढालीवरची नक्षी ओळखीच्या जातीत आडव्या रेघांची, इथे तुटक खवल्यांची. चौथ्या पायाचं शेवटचं पेर वेगळ्या प्रमाणाचं. एकमेकांशी संबंध नसलेली चार लक्षणं एकत्र हलत असतील तर नुसतं नरांचं दुहेरी रूप म्हणून ते उडवून लावता येत नाही. तरीही मॅडमनी वहीत लिहायला लावलं ते एवढंच: 'शक्यता कमी, निकाल नाही'.

डीएनए आला, पण व्होलचा

माइटवर डीएनएचं काम करताना एक सोय असते. प्रथिनं विरघळवणाऱ्या द्रावणात आख्खा माइट बुडवला की आतलं द्रव्य बाहेर येतं आणि कवच शाबूत राहतं. तेच कवच नंतर स्लाइडवर चढवता येतं. म्हणजे ज्याचा क्रम काढला त्याचाच देह पुरावा म्हणून उरतो. ओळखीसाठी प्राण्यांमध्ये वापरला जातो तो मायटोकॉन्ड्रियामधल्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. आम्ही सर्वसाधारण प्रायमर (हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) वापरले, पाच माइट पाठवले.

दोघांचं काहीच आलं नाही. तिघांचे क्रम आले, स्वच्छ आले, आणि ते व्होलचे होते.

याचं हसू नंतर आलं. लिस्ट्रोफोरस त्वचेचा तेलकट स्राव आणि कोंडा खाऊन जगतो, त्याच्या पोटात यजमानाच्या पेशी असणारच. त्यात ते प्रायमर इतके सर्वसमावेशक की कण्याच्या प्राण्यांवरही चालतात. माइट नीट न धुता वापरले ही माझी घाई. पण त्या निकालात एक गोष्ट दडलेली होती. लांब पाळ्यांच्या माइटांमधून आलेला व्होल आणि ओळखीच्या माइटातून आलेला व्होल, हे दोन वेगळ्या जातींचे होते.

मी सहकाऱ्याला फोन केला. "ते तीन व्होल एकाच जातीचे होते ना?"

"दिसायला तर होते," तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून, "कवट्या बघतो."

व्होलच्या बाबतीत 'दिसायला' या शब्दावर विसंबायचं नसतं. मायक्रोटस अ‍ॅग्रेस्टिस ही व्होलची जात ओळखायची खात्रीची खूण म्हणजे वरच्या दुसऱ्या दाढेच्या आतल्या बाजूला असलेला एक जादा कोपरा. बाहेरून लवेच्या रंगावर ठरवायला गेलं तर हमखास फसगत होते. मायक्रोटस आर्व्हालिस आणि मायक्रोटस लेव्हिस ही जोडी तर दाढांवरूनही सुटत नाही. आर्व्हालिसची गुणसूत्रं ४६, लेव्हिसची ५४. खात्री हवी तर गुणसूत्रं मोजा किंवा डीएनए काढा.

आमच्या पिशवीत दोन व्होल एका जातीचे आणि एक दुसऱ्या जातीचा निघाला. पहिल्याला 'अ' म्हणू, दुसऱ्याला 'ब'. आपला माइट ब चा असावा असं दिसत होतं. दिसत होतं इतकंच. तिघेही एका अल्कोहोलात भिजले होते, एकाचा कोंडा दुसऱ्याच्या माइटाला चिकटलेला असू शकतो, आणि पोटातला डीएनए कोणता, अंगावरचा कोणता हे त्या क्रमावरून कळत नाही. परजीवीच्या वर्णनात यजमानाचं नाव म्हणजे अर्धा पत्ता. तो अंदाजाने लिहिला असता तर पुढची कित्येक वर्षं लोक चुकीच्या प्राण्याच्या लवेत हा माइट शोधत बसले असते.

पुन्हा पहिल्यापासून

पुढच्या हंगामात सहकारी त्याच उतारावर परत गेला. या वेळी प्रत्येक व्होलला स्वतंत्र पिशवी, स्वतंत्र बाटली, आणि दोन प्राण्यांच्या मध्ये सापळा धुऊन. चिठ्ठी पिशवीच्या आत, बाहेर नाही. घरी आल्यावर प्रत्येक प्राणी साबणाच्या पाण्यात खळबळून, पाणी बारीक जाळीतून गाळून, जाळीवरचं सगळं भिंगाखाली. कंटाळवाणं काम आहे. एका प्राण्याला अर्धा दिवस लागतो आणि त्यातला बराच वेळ केस आणि माती बाजूला सारण्यात जातो.

ब जातीच्या व्होलांवर लांब पाळ्यांचे नर मिळाले. अ जातीच्या व्होलांवर ओळखीचा माइट मिळाला. एका अ व्होलवर मात्र आपला एक नर होता, एकटाच. हा वाट चुकलेला, असं आम्ही धरलं. दोन्ही व्होल गवतातल्या त्याच वाटा वापरतात, भांडतात, एकमेकांच्या रिकाम्या बिळात शिरतात. एखादा माइट इकडचा तिकडे होणारच. निबंधात ही नोंद ठेवली आहे, लपवली नाही. मात्र यजमान म्हणून अ चं नाव दिलेलं नाही.

आता उरला मथळ्यातला प्रश्न. नर ओळखता येत होता, मादीचं काय? लिस्ट्रोफोरसमध्ये जातीची ठळक लक्षणं नराच्या मागच्या टोकाला असतात. माद्या एकमेकींसारख्या दिसतात, आणि ब व्होलवर दोन प्रकारच्या माद्या होत्या. फरक अगदी बारीक, मागच्या ढालीच्या कडेचा आणि टोकाशी असलेल्या समागम-नलिकेच्या लांबीचा. यातली आपली कोणती? 'जास्त संख्येने आहे ती' हे उत्तर सोपं असतं, आणि कित्येक जुन्या वर्णनांत तसंच केलेलं दिसतं. मला ते पटत नाही.

उत्तर एका जोडीने दिलं. या माइटांच्या आयुष्यात अंडं, सहा पायांची अळी, मग दोन अप्सरा-अवस्था (निम्फ, म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्या मधल्या) आणि प्रौढ असा क्रम असतो. मोकळ्या राहणाऱ्या भाऊबंदांमध्ये मधे आणखी एक प्रवासी अवस्था असते, कायम यजमानावर राहणाऱ्यांनी ती गाळून टाकली आहे. यांचे नर प्रौढ मादीची वाट पाहत नाहीत. शेवटच्या अप्सरा-अवस्थेतल्या मादीलाच मागून पकडून ठेवतात आणि ती कात टाकेपर्यंत सोडत नाहीत. अल्कोहोलात मेल्यावरही अशा जोड्या पुष्कळदा तशाच राहतात. सातव्या व्होलच्या गाळात अशी एक जोडी होती. नर लांब पाळ्यांचा, निःसंशय आपला. त्याने धरलेल्या अप्सरेची कात सुटायला आली होती, आणि लॅक्टिक आम्लात पारदर्शक झाल्यावर जुन्या कातडीच्या आत तयार प्रौढ मादी दिसत होती. ढालीची कड आणि नलिका दोन्ही. नलिका आखूड होती.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ही तिघांनी आळीपाळीने ती जोडी पाहिली. दुसऱ्या खेपेच्या डीएनएने, आधी नीट धुतलेल्या माइटांवर आणि माइटांसाठी जुळवलेल्या प्रायमरनी, तेच सांगितलं: आखूड नलिकेच्या माद्या आणि लांब पाळ्यांचे नर एका गठ्ठ्यात. पण माझ्यापुरता निकाल त्या जोडीने आधीच लागला होता.

जुन्या नावांची झडती

वेगळं आहे हे कळणं आणि नवं आहे हे म्हणणं यांत मोठं अंतर आहे. दीडशे वर्षांत कुणीतरी याला आधीच नाव दिलेलं असू शकतं. लॉयकार्टीचं नाव कित्येक दशकं वेगवेगळ्या व्होलांवरच्या माइटांना सरसकट चिकटवलं गेलं. मग एकेक जात सुटी होत गेली: डुबिनिना यांची १९६८ ची ब्रेव्हिपेस, म्हणजे आखूड पायांची, आणि फेन यांची १९७० ची मेक्सिकॅनस. अ‍ॅलेक्स फेन हे बेल्जियमचे, मूळचे डॉक्टर. सस्तन प्राण्यांवरच्या माइटांच्या इतक्या जातींना त्यांनी नावं दिली की या क्षेत्रात कुठलीही झडती त्यांच्या निबंधांपाशीच सुरू होते.

प्रत्येक नावाचं मूळ वर्णन काढलं, आकृत्या शेजारी ठेवल्या. एका नावाचा प्रश्न आकृतीवर सुटेना, म्हणून एका संग्रहालयातून जुनी स्लाइड मागवली. ती आली तेव्हा माध्यम चॉकलेटी पडलं होतं आणि कडेने स्फटिक धरले होते. माइटांसाठी वापरलं जाणारं हॉयर माध्यम म्हणजे पाणी ५० मिलिलिटर, बाभळीचा डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम आणि ग्लिसरीन २० मिलिलिटर. यातून लहान रोमही लख्ख दिसतात, पण कडा नीट बंद केल्या नाहीत तर काही दशकांनी हे असं होतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे माइट सोडवून पुन्हा चढवता येतो. मॅडमनी साफ नकार दिला. दुसऱ्याचा मूळ नमुना, त्यात एकुलता एक, तो आपल्या हातून फुटला तर त्या जातीचा आधारच जातो. प्रकाश तिरका करून, भिंगाला तेल लावून, जे दिसलं ते पाहिलं. पाळ्या आखूड होत्या. स्लाइड परत पाठवली.

लिहिणं

वर्णनातला सर्वांत जास्त वेळ चित्रात जातो. छायाचित्र एका वेळी एकाच पातळीवर स्पष्ट असतं, माइट मात्र वीस पातळ्यांचा. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या रेखाटन-नळीतून कागद आणि माइट एकावर एक दिसतात. बारीक स्क्रू फिरवत, एकेक रोम कुठून निघतो ते टिपत जायचं. रोमांना नावं असतात. अंगावरच्यांसाठी ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांची १९९० ची पद्धत, पायांवरच्यांसाठी ग्रांजाँ यांची १९३९ ची. एक रोम चुकीच्या नावाने लिहिला गेला की पुढची तुलना सगळी घसरते. मी दोन चुका केल्या होत्या, मॅडमनी पकडल्या.

होलोटाइप म्हणून नर निवडला. संहितेनुसार १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीला असा आधारनमुना स्पष्टपणे नेमावाच लागतो. एका स्लाइडवर एकच माइट, तांबडी चिठ्ठी, यजमानाच्या कवटीचा क्रमांक त्याच चिठ्ठीवर. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं तर झूबँकेत, म्हणजे प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करून ती निबंधात दाखवावी लागते, हा २०१२ च्या दुरुस्तीतला नियम. तेही उरकलं.

नावावर थोडी गंमत झाली. मी सहकाऱ्याचं नाव सुचवलं. पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' जोडायची, स्त्रीच्या नावाला 'ए', इतकं सोपं असतं. तो म्हणाला, "पिशवीची चूक माझी आणि वर माइटही माझ्या नावाने? नको." ठिकाणाचं नाव मला नको होतं. मेक्सिकॅनस अमेरिकेच्या उत्तर भागातल्या व्होलांवर भरपूर मिळतो, आणि मायोकॉप्टिस जपोनेन्सिस हा 'जपानचा' माइट युरोप-अमेरिकेतल्या व्होलांवरही आहे. शेवटी पाळ्यांच्या आकारावरून लॅटिन विशेषण घेतलं, लिस्ट्रोफोरसच्या पुल्लिंगाशी जुळवून.

शीर्षकात 'परजीवी' लिहायचं का यावरही वाद झाला. ज्या व्होलांवर आपला माइट दाट होता, त्यांची त्वचा किंवा लव खराब झालेली आम्हाला दिसली नाही. कोंडा खाणाऱ्याला परजीवी म्हणावं की बिनभाड्याचा भाडेकरू, यावर माइटवाल्यांचं एकमत नाही. आम्ही 'कायमचा बाह्यजीवी' असं लिहिलं. एका परीक्षकाने ते खोडून 'परजीवी' केलं, आणि आम्ही ते राहू दिलं.

दुसऱ्या परीक्षकाने मात्र नेमकं बोट ठेवलं आहे. पहिल्या पिशवीतल्या चार आखूड नलिकेच्या माद्या आम्ही पॅराटाइपमध्ये, म्हणजे होलोटाइपच्या जोडीला नोंदवलेल्या नमुन्यांत, धरल्या होत्या. त्याचं म्हणणं, त्या कुठल्या व्होलच्या हे तुम्हाला सांगता येत नाही. खरं आहे. त्या चारही यादीतून काढल्या आहेत. स्लाइडवर आता 'लिस्ट्रोफोरस, मादी, यजमान अनिश्चित' एवढीच चिठ्ठी आहे आणि त्या वेगळ्या खणात ठेवल्या आहेत. त्या खोलीतून पॅराटाइपच्या खणाकडे जाताना मी अजूनही त्यांच्याकडे एकदा बघते.